मुलांची लय घरबसल्या मोजताना कुठले आकडे खरे धरायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड ते पाच वर्षांच्या मुलांमधली लयीची आणि हालचालींची वाढ ऑनलाइन मोजायची आहे. मूल स्वतःच्या घरी, पालक शेजारी, समोर लॅपटॉप नाहीतर फोन. प्रयोगशाळेत जे मोजतो ते असं मोजता येईल का, आणि हाती येणारे आकडे कितपत खरे धरायचे?

मोजता येतं. पण 'लय' या नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधतो, आणि त्या तिन्ही घरून सारख्याच भरवशाने मिळत नाहीत. मूल आपल्या आपण कोणत्या वेगाने ठोके देतं किंवा हलतं, ही पहिली गोष्ट. तो वेग किती स्थिर राहतो, ही दुसरी. आणि बाहेरून ऐकू येणाऱ्या ठोक्याशी ते आपली हालचाल जुळवतं का, म्हणजे 'मेळ', ही तिसरी. पहिल्या दोन अगदी साध्या साधनांनी नीट मिळतात. तिसरीला खास बंदोबस्त लागतो, आणि बहुतेकांना नेमकी तिसरीच हवी असते.

अडचण उशिराची आहे. कळ दाबली आणि ब्राउझरला ती कळली, यात वेळ जातो. आवाज वाजवायची आज्ञा दिली आणि स्पीकरमधून आवाज निघाला, यातही जातो. ब्लूटूथ हेडफोन असेल तर हा उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर पोचतो. मात्र उशीर किती आहे याची काळजी लोक फार करतात आणि तो दर वेळी तेवढाच राहतो का, याची कमी करतात. खरा प्रश्न दुसरा आहे.

एक हिशेब करून बघू. ठोके 0, 600, 1200, 1800 मिलिसेकंदांवर वाजले. मुलाने टाळी दिली −30, 560, 1190 आणि 1785 वर, म्हणजे प्रत्येक वेळी ठोक्याच्या किंचित आधी. दोन टाळ्यांमधली अंतरं झाली 590, 630, 595. आता यंत्रणा प्रत्येक टाळी बरोबर 120 मिलिसेकंद उशिरा नोंदवते असं धरा. नोंदी येतील 90, 680, 1310, 1905. अंतरं तीच राहिली, 590, 630, 595. वेग बरोबर, स्थैर्य बरोबर. बिघडलं ते फक्त ठोक्याच्या पुढे की मागे हे. ठोक्याच्या आधी टाळी देणारं मूल कागदावर ठोका ऐकून मग टाळी देणारं दिसू लागलं. आता उशीर बदलता धरा: अनुक्रमे 100, 150, 90, 140. नोंदी 70, 710, 1280, 1925, आणि अंतरं 640, 570, 645. खऱ्या अंतरांची व्याप्ती 40 मिलिसेकंद होती, ती 75 झाली. सरासरी उशीर आधीच्याच 120 इतका आहे, तरी मुलाचं स्थैर्य निम्म्याच्या आसपास आल्यासारखं दिसतं. स्थिर उशीर वजा करता येतो. बदलता उशीर मुलाच्या चंचलपणात मिसळून जातो आणि नंतर कुठल्याही आकडेशास्त्राने वेगळा काढता येत नाही.

म्हणून एकाही मुलाला बोलवण्याआधी एक काम करा. मुलाच्या जागी दुसऱ्या फोनवर मेट्रोनोम लावा, 500 मिलिसेकंदांना एक ठोका, आणि तो तुमच्या संपूर्ण यंत्रणेतून जाऊ द्या: तेच पान, तेच रेकॉर्डिंग, तेच विश्लेषण. मेट्रोनोम हलत नाही, तेव्हा अंतरांमध्ये जो काही विस्कळीतपणा दिसेल तो सगळा यंत्रणेचा. पालकांकडे असू शकतील अशा निरनिराळ्या उपकरणांवर हे करा, जुन्या फोनसकट. दोन-तीन मिलिसेकंदांचा विस्कळीतपणा असेल तर निर्धास्त राहा. तीस-चाळीस असेल तर त्या उपकरणावर स्थैर्य मोजण्याचा नाद सोडा.

मेळ मोजायचाच असेल तर सगळ्यात भक्कम मार्ग मायक्रोफोनचा. मनुएल अँग्लाडा-तोर्त, पीटर हॅरिसन आणि नोरी जेकोबी यांनी 2022 मध्ये 'रेप' नावाची पद्धत मांडली. तिच्यातली कल्पना साधी आहे: संगीत लॅपटॉपच्या स्पीकरमधून वाजवायचं, ठोके लॅपटॉपच्या पृष्ठभागावर बोटाने द्यायचे, आणि दोन्ही आवाज त्याच लॅपटॉपच्या मायक्रोफोनने एकाच रेकॉर्डिंगमध्ये टिपायचे. ब्राउझरला कधी काय कळलं हा प्रश्नच उरत नाही, कारण संगीत आणि ठोका एकाच घड्याळावर येतात. संगीताची नेमकी जागा सापडावी म्हणून त्यात खुणेचे आवाज पेरलेले असतात. ही पद्धत मोठ्यांसाठी बनली आहे, मुलांसाठी तिच्यात फेरफार हवेत. लहान मूल बोटाने नाजूक ठोका देत नाही, तळहाताने थापटतं, आणि तेही लॅपटॉपवर नको. शेजारी टेबलावर थापटू द्या. मायक्रोफोनला ते छान ऐकू येतं.

मात्र ब्राउझर मायक्रोफोनचा आवाज आपल्या मर्जीने साफ करत असतो. प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं, आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणं, या तिन्ही सोयी बोलण्यासाठी असतात आणि आपल्या कामाच्या मुळावर येतात. प्रतिध्वनी काढणारी सोय स्पीकरमधून आलेलं संगीतच पुसून टाकते, गोंगाट दाबणारी थापटण्याला गोंगाट समजते. तिन्ही बंद करायची आज्ञा कोडमध्ये द्या आणि ती खरोखर पाळली गेली का हे रेकॉर्डिंग ऐकून तपासा. सगळे फोन ऐकतातच असं नाही. याच कारणासाठी व्हिडिओ कॉलवरून तुमच्याकडून संगीत वाजवून मुलाचा प्रतिसाद तुमच्याकडच्या रेकॉर्डिंगवर मोजणं हा प्रकार लयीच्या बाबतीत पूर्ण टाकाऊ समजा. नेटवर्कचा उशीर मोठाही असतो आणि क्षणाक्षणाला बदलतोही. कॉल सूचना द्यायला ठेवा. वाजवणं आणि टिपणं मुलाच्या उपकरणावरच व्हायला हवं.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. साधारण वेबकॅम सेकंदाला 30 फ्रेम देतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये 33 मिलिसेकंद. टाळीच्या नेमक्या क्षणासाठी हे जाडंभरडं मोजमाप आहे, पण अंग डोलवणं, गुडघ्यात उसळणं, हात हलवणं यासाठी पुरेसं आहे, कारण या हालचाली सेकंदाला दोन-तीनदाच होतात. गोम अशी की खोलीत उजेड कमी झाला की बरेच कॅमेरे गुपचूप 15 फ्रेमवर येतात, कधी एकाच चित्रफितीत मधूनच. प्रत्येक फ्रेमला स्वतःचा वेळशिक्का असतो, तो जपा. फाइल रूपांतरित करताना तो उडाला आणि तुम्ही 'सगळ्या फ्रेम समान अंतरावर' असं गृहीत धरलंत, तर मुलाचा वेग मध्येच दुप्पट झाल्यासारखा दिसेल. पालकांना सांगायच्या सूचनांमध्ये म्हणूनच 'खिडकी मुलाच्या मागे नको, समोर हवी' ही सूचना सगळ्यात वर ठेवा.

आणि सुरुवातीला पालकांना कॅमेऱ्यासमोर तीन टाळ्या वाजवायला सांगा, शेवटी पुन्हा तीन. चित्रफीत फ्रेम-फ्रेम पुढे नेली की एका फ्रेममध्ये तळहात वेगळे दिसतात, पुढच्यात चिकटलेले. आवाजाच्या आलेखावर त्याच टाळीची टोकदार उसळी असते. या दोन्हींमधला फरक म्हणजे चित्र आणि आवाज यांच्यातली तफावत. सुरुवातीला ती 60 मिलिसेकंद आणि शेवटी 140 निघाली, तर मधल्या काळात दोन्ही एकमेकांपासून सरकत गेलेत असं समजा आणि तेवढी दुरुस्ती करा. मुलांनाही टाळ्या आवडतात, त्यामुळे हे काम कुणाला जड जात नाही.

चित्रफितीतून हालचाल काढायला ओपनपोज, मीडियापाइप, डीपलॅबकट यांसारखी साधनं आहेत. खांदा, कोपर, मनगट, नितंब, गुडघा अशा बिंदूंच्या जागा ती फ्रेमगणिक देतात. पण तयार मिळणारी बरीच प्रारूपं मुख्यतः मोठ्यांच्या शरीरावर शिकलेली आहेत. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने मोठं, पाय आखूड, कपडे ढगळ. मूल आईच्या मांडीवर असेल तर आईचं मनगट बाळाच्या नावावर लागतं, आणि चार फ्रेमनंतर परत आईच्या. आकड्यांत हे जोरदार हालचालीसारखं दिसतं. उपाय यांत्रिक नाही: प्रत्येक चित्रफितीवर बिंदू काढून ती एकदा माणसाने डोळ्यांखालून घालायची. शिवाय पिक्सेलमधलं अंतर तसंच वापरू नका. मूल कॅमेऱ्याजवळ आलं की प्रत्येक हालचाल मोठी दिसते. खांद्यापासून नितंबापर्यंतची लांबी एक एकक धरून बाकी सगळं त्या मापात सांगा.

आता कोणत्या वयात काय अपेक्षित आहे. इथे माझं मत जरा कडक आहे: दोन वर्षांखालच्या मुलांचा 'ठोक्याशी मेळ' ऑनलाइन मोजायला जाऊच नका, कारण प्रयोगशाळेतही तो फारसा सापडत नाही. मार्सेल झेंटनर आणि तुओमास ईरोला यांनी 2010 मध्ये 5 ते 24 महिन्यांच्या बाळांवर जे काम केलं त्यात बाळं बोलणं ऐकताना जेवढी हलली त्याहून संगीतावर आणि नियमित ठोक्यांवर जास्त लयबद्ध हलली, संगीताचा वेग वाढला तर त्यांच्या हालचालींचा वेगही काहीसा वाढला, पण ठोक्यावर ठोका बसला नाही. म्हणजे या वयात मोजण्याजोगं बरंच आहे: संगीतावर किती हलतं, शांततेत आणि बोलण्यावर किती हलतं, वेग बदलल्यावर काही बदलतं का. या सगळ्याला 30 फ्रेमचा कॅमेरा पुरतो आणि मिलिसेकंदांचा घोळ आड येत नाही. घरून करण्यासारखं हेच वय सर्वांत सोयीचं आहे, हे लोकांना उलटं वाटतं.

अडीच ते चार या वयात मुलांचा स्वतःचा वेग मोठ्यांपेक्षा जलद असतो. आपल्या आपण थापटताना दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण 400 मिलिसेकंदांच्या आसपास येतं, मोठ्यांचं 600 च्या आसपास. पुढे वयाबरोबर हा वेग संथ होत जातो आणि जुळवून घेता येणाऱ्या वेगांचा पल्ला रुंदावतो. म्हणून मोठ्यांना सुखाचा वाटणारा संथ ठेका तीन वर्षांच्या मुलाला दिला आणि ते जुळवू शकलं नाही, तर 'लय कच्ची' हा निष्कर्ष चुकीचा. त्याला त्याच्या वेगाजवळचा ठेका द्या, मग त्यापासून थोडा जलद, थोडा संथ. स्वतःचा वेग आधी मोजायचा, संगीत ऐकवण्यापूर्वी. नंतर मोजलात तर संगीताचा वेग अंगात राहिलेला असतो.

सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांचं 2009 चं काम ऑनलाइन करणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना त्यांनी ढोल वाजवायला दिला: कधी सोबत माणूस वाजवत होता, कधी ढोल वाजवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकरमधला आवाज. सगळ्या वयांत माणसाच्या सोबतीने मेळ जास्त चांगला जमला. आणि आपण घरी काय देतो? लॅपटॉपमधला नुसता आवाज, म्हणजे मुलाला सगळ्यात कमी साथ देणारी परिस्थिती. त्यात मूल जे दाखवतं ते त्याच्या क्षमतेच्या खालचं असणार.

यावर मला पटलेला तोडगा असा: पालकालाच साथीदार करा. पालकाच्या एका कानात इअरफोनमधून ठेका द्या, मुलाला तो ऐकू जाऊ नये. पालक एका रिकाम्या डब्यावर वाजवेल, मूल टेबलावर. दोन्ही आवाज मायक्रोफोनवर वेगळे ओळखू येतात, डब्याचा खणखणीत आणि टेबलाचा बद्द. मग मुलाचे ठोके मेट्रोनोमशी ताडायचेच नाहीत, पालकाने प्रत्यक्षात दिलेल्या ठोक्यांशी ताडायचे. पालक थोडा मागेपुढे झाला तरी बिघडत नाही, आणि इअरफोन ब्लूटूथचा असला तरी बिघडत नाही, कारण आपला संदर्भ आता रेकॉर्डिंगमध्येच आहे. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: मूल वेगळ्या वेगाने वाजवू लागलं की प्रेमळ पालक नकळत त्याच्या वेगाला जाऊन मिळतात. मग मेळ छान दिसतो आणि तो घडवलेला असतो पालकाने. कोण कुणाच्या मागे जातंय हे पालकाच्या ठोक्यांची ठरलेल्या ठेक्याशी तुलना करून कळतं. पालक ठेका सोडून सरकलेला असेल तर तो तुकडा मेळाच्या हिशेबातून काढा.

पालकांचा प्रभाव नुसता एवढ्यावर थांबत नाही. मांडीवर घेतलेल्या बाळाला आई संगीत ऐकताच हलकेच झुलवते, स्वतःला पत्ताही नसतो. शक्य तिथे मूल जमिनीवर उभं किंवा उंच खुर्चीत हवं आणि पालक मागे, पण चौकटीत. पालकांचेही शरीरबिंदू काढा. पालकाच्या खांद्याची हालचाल आणि बाळाची हालचाल एकत्र वरखाली होत असेल तर तो प्रयत्न, म्हणजे एकदा संगीत ऐकवून टिपलेला तुकडा, बाजूला ठेवा. 'तुम्ही हलू नका' एवढं सांगून भागत नाही, माणूस संगीतावर हलतोच.

चित्रफितींचं कोडिंग करताना, म्हणजे मुलाने कधी काय केलं हे बघून नोंदवताना, आणखी एक गोष्ट दिसते. तीन वर्षांचं मूल थापटायला लागतं, आठ-दहा ठोके सुरेख पडतात, मग पडद्याच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. हात थांबतो, जीभ बाहेर येते, मान तिरकी होते, पुन्हा दोन ठोके, पुन्हा चेहऱ्याकडे. हे सगळे खंड तुमच्या अस्थिरतेच्या आकड्यात जातात. स्वतःचं चित्र लपवण्याची सोय सुरुवातीपासून ठेवा. आणि विश्लेषणात सलग ठोक्यांच्या मालिका वेगळ्या काढा: मागच्या अंतराच्या दीडपटीहून मोठा खंड आला की मालिका तुटली असं धरायचं, अस्थिरता मालिकेच्या आत मोजायची, आणि मालिका किती लांब टिकतात हा स्वतंत्र आकडा म्हणून द्यायचा. माझ्या मते या वयात वाढीबद्दल तोच आकडा सर्वांत जास्त सांगतो. दीडपट ही मर्यादा मात्र डेटा बघण्याआधी लिहून ठेवा.

आता योगायोगाचा सापळा. समजा संगीत मिनिटाला 120 ठोक्यांचं आहे, म्हणजे सेकंदाला दोन. गुडघ्यात उसळणारं मूल शरीराच्या ठेवणीमुळे आपसूकच सेकंदाला दोनदा उसळत असेल, तर संगीत बंद असतानाही ते 'तालात' दिसेल. वर्तुळाकार आकडेशास्त्रात (दोन ठोक्यांमधला काळ एक वर्तुळ धरून केलेल्या हिशेबात) मेळाची घट्टता 0 ते 1 अशी मोजतात, 0 म्हणजे हालचाली कुठेही विखुरलेल्या, 1 म्हणजे दर वेळी ठोक्यापासून तेवढ्याच अंतरावर, आणि तिला स्थिर उशिराची बाधा होत नाही, म्हणून ती ऑनलाइन कामात फार उपयोगी. पण हा योगायोग तिलाही ओळखता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. किमान दोन, शक्यतो तीन वेगळे वेग. आणि खोटी जोडी: मुलाची एका वेगावरची हालचाल मुद्दाम दुसऱ्याच प्रयत्नातल्या संगीताशी ताडून बघायची. खऱ्या जोडीतली घट्टता अशा शेकडो खोट्या जोड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तरच मेळ म्हणायचा. हे न करता 'आमच्या दोन वर्षांच्या मुलांना ताल कळतो' असा दावा केलेला दिसला की मी पुढचं वाचत नाही.

लयीपलीकडची हालचालींची वाढ, म्हणजे बसणं, चालणं, उडी, एका पायावर उभं राहणं, घरून मोजणं तुलनेने सोपं आहे, कारण तिथे मिलिसेकंदांचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आधाराशिवाय चालू लागण्याच्या वयाचा पल्ला 8.2 ते 17.6 महिने असा आला. निरोगी मुलांमध्येही नऊ महिन्यांहून जास्त फरक. तेव्हा एका मुलाच्या एका तारखेवरून काही ठरवायचं नाही. पालकांच्या आठवणीवर विसंबून 'कधी चालायला लागलं' विचारण्यापेक्षा 'आज तीन पावलं आधाराशिवाय टाकली का' असं रोज किंवा एकदिवसाआड फोनवर विचारा. उत्तर हो-नाही, दहा सेकंदांचं काम. बाळांच्या हालचालींच्या अभ्यासक कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या कामातून दिसलंय की नवं कौशल्य एका दिवशी येऊन कायमचं राहत नाही, बरेच दिवस ते येतं-जातं आणि मग स्थिरावतं. महिन्यातून एकदा मोजणाऱ्याला तिथे सरळ पायरी दिसते, खरं चित्र दातेरी असतं. ऑनलाइन पद्धतीचा खरा फायदा मला इथे वाटतो. प्रयोगशाळेत रोज कोण येणार?

अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनीच 2012 मध्ये दाखवलं की 12 ते 19 महिन्यांची चालती मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. ठरवून दिलेल्या वाटेवर चार वेळा चालवून यातलं काय हाती लागणार? म्हणून कामं देण्याबरोबर दहा मिनिटांचा मोकळा खेळही टिपा. जमीन कशी आहे, पायात काही आहे का, हे विचारून ठेवा. सतरंजीवरची उडी आणि फरशीवरची उडी एकच नाही.

एका बैठकीत दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त मागू नका आणि एक प्रयत्न अर्ध्या मिनिटात आटपा. साधारण पाचवा हिस्सा चित्रफिती दोघांनी स्वतंत्रपणे कोड करा. जमलं तर काही मुलांना घरी आणि प्रयोगशाळेत दोन्हीकडे मोजा, त्यांच्या क्रमवारीत किती साम्य आहे हे तुमच्या अहवालातलं सगळ्यात मोलाचं कोष्टक ठरेल. कुणाकडे चांगलं इंटरनेट, मोकळी खोली आणि वेळ होता हेही अहवालात लिहा, कारण नमुना तिथेच ठरतो.

चित्रफीत मुलाच्या घराच्या आतली असते, तेव्हा संमतीला फक्त खूण करण्याचा चौकोन पुरत नाही. लुकइट या मुलांवरच्या ऑनलाइन अभ्यासांच्या मंचावर पालक कॅमेऱ्यासमोर संमतीचं वाक्य मोठ्याने वाचतात आणि बैठक संपल्यावर चित्रफीत कुणी बघावी हे निवडतात, नको असेल तर काढून टाकायलाही सांगू शकतात. हा क्रम उचलण्यासारखा आहे, कारण मूल कपडे काढून नाचलं किंवा मागे कुणी भांडलं हे पालकांना शेवटीच कळतं. शरीरबिंदू आणि आवाजाच्या वेळा काढून झाल्यावर मूळ चित्रफीत किती दिवस ठेवणार हे आधी सांगा आणि त्या दिवशी खरंच पुसा.

पालक शेवटी हमखास विचारतात, 'आमच्याचं कसं आहे?' वैयक्तिक गुण देऊ नका. घरच्या एका बैठकीतला आकडा त्या दिवशीची झोप, फोनचं मॉडेल आणि पडद्यातला चेहरा या सगळ्यांचा मिळून असतो, गटाची सरासरी काढताना यातलं बरंच विरून जातं, एका मुलात नाही. चालण्या-बसण्याबद्दल खरीच काळजी असेल तर त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा, आणि हे वाक्य संमतीपत्रातच घालून ठेवा.